आरोग्याच्या प्रश्नांवर झटलेल्या आमदारांना निरोप देताना : नोंदींपासून मानपत्रापर्यंतची तयारी

विधान परिषदेच्या सदस्यांची एक तुकडी निवृत्त व्हायची वेळ आली की माझ्याकडे मानपत्रांचे मसुदे तपासायला येतात. बहुतेक मसुद्यांत चूक तीच असते. वरचं नाव झाकलं तर मानपत्र कोणाचं हे ओळखता येत नाही. 'गोरगरिबांचे कैवारी', 'आरोग्यदूत', 'अभ्यासू व्यक्तिमत्त्व' ही विशेषणं असतात. पण ज्यांनी बारा वर्षं औषधखरेदी, रिक्त पदं, बंद पडलेली उपकेंद्रं यांवर सरकारला उत्तरं द्यायला लावली, त्यांचं एकही काम तिथे सापडत नाही. आरोग्यावर काम करणाऱ्या लोकप्रतिनिधीवर हा मोठा अन्याय आहे, कारण त्यांचं काम पुलासारखं किंवा सभामंडपासारखं डोळ्यांना दिसत नाही. ते कागदात असतं आणि शोधून काढावं लागतं.

हा लेख आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संघटना, रुग्ण हक्कासाठी काम करणारे गट, तालुक्याच्या ठिकाणच्या संस्था आणि आमदारांच्या कार्यालयात काम करणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणं विधान परिषदेची घेतली आहेत. विधानसभा किंवा संसद सदस्यासाठी थोडा फरक करून हाच क्रम चालेल. क्रम मात्र मोडू नका. हॉल ठरवून मग मजकूर शोधायला बसलं की विशेषणंच हाती लागतात.

## टप्पा १ : तारीख, पद आणि शब्द नक्की करा

विधान परिषद विसर्जित होत नाही. तिचे ७८ सदस्य सहा वर्षांसाठी येतात आणि दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश निवृत्त होतात. पण सगळे एकाच दाराने आत आलेले नसतात. ३० जणांना विधानसभेचे आमदार निवडतात, २२ जण स्थानिक स्वराज्य संस्थांतून येतात, ७ पदवीधर आणि ७ शिक्षक मतदारसंघांतून, तर १२ राज्यपालनियुक्त असतात. तुमचे आमदार यातल्या कोणत्या गटातले आणि त्यांची मुदत नेमक्या कोणत्या तारखेला संपते, हे आधी लिहून ठेवा.

मग त्यांनाच सरळ विचारा: पुन्हा उभं राहायचं आहे का? हा प्रश्न अवघड वाटतो म्हणून कार्यकर्ते टाळतात आणि पुढे फसतात. मुदत संपणं वेगळं, राजकारणातून बाजूला होणं वेगळं. पुन्हा उमेदवारी मिळायची शक्यता असेल तर तुमचा समारंभ निरोपाचा न राहता प्रचाराचा होतो. त्या काळात आचारसंहिता लागली असेल तर शासकीय सभागृह मिळणार नाही आणि अधिकारीही येणार नाहीत.

आता शब्दांकडे या. इंग्रजीतल्या ट्रिब्यूटला शब्दकोशात पहिला शब्द 'श्रद्धांजली' किंवा 'आदरांजली' सापडतो, आणि तो तसाच निमंत्रणावर जातो. मराठीत हे दोन्ही शब्द गेलेल्या माणसासाठी आहेत. 'अखेरचा निरोप' हाही तसाच. एका समारंभाच्या फ्लेक्सवर आमदारांच्या हसऱ्या फोटोखाली 'भावपूर्ण आदरांजली' छापलेलं मी स्वतः पाहिलं आहे. सकाळी कोणीतरी त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवला आणि तो गावाकडे त्यांच्या वृद्ध आईच्या शेजाऱ्यांपर्यंत पोचला. पुढचा तासभर त्या घरावर काय गुदरलं असेल याची कल्पना करा. फ्लेक्स दहा वाजता उतरवला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. 'गौरव', 'सत्कार', 'कृतज्ञता', 'निरोप समारंभ' हे शब्द वापरा.

'माजी आमदार' हा उल्लेख मुदत संपल्यानंतरचा. समारंभ आधी असेल तर सत्कारमूर्ती अजून आमदारच आहेत. 'डॉ.' लावण्यापूर्वी पदवी खरी आहे ना, हे पाहा. आरोग्याच्या प्रश्नांवर बोलणाऱ्या अनेकांना लोक आपणहून डॉक्टर म्हणू लागतात, आणि छापील 'डॉ.'मुळे त्यांनाच अवघडून जावं लागतं.

पुढे जाण्यापूर्वी तपासा : मुदत संपण्याची तारीख, कोणत्या मतदारसंघातून किती वेळा निवड, नावाचं अचूक लेखन, पदवी, आणि सत्काराला त्यांची स्वतःची संमती. यातली एकही गोष्ट ऐकीव असू नये.

## टप्पा २ : कामाची नोंद गोळा करा

यासाठी किमान दोन महिने ठेवा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात आणि सगळ्यात कमी वेळ इथेच दिला जातो.

सुरुवात आमदारांच्या स्वीय सहायकांपासून करा. त्यांच्याकडे अधिवेशनवार फायली असतात. निदान असायला हव्यात. त्यांतून तारांकित प्रश्न (ज्यांना सभागृहात तोंडी उत्तर मागितलेलं असतं), लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, अशासकीय म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले ठराव आणि विधेयकं आणि अर्थसंकल्पावरची भाषणं वेगवेगळी काढा. मग विधानमंडळाच्या छापील कार्यवाहीशी, म्हणजे सभागृहातल्या कामकाजाच्या नोंदीशी, ताडून पाहा. फाइलमध्ये प्रश्न असतो, पण तो सभागृहात पुकारला गेला की नुसता छापील उत्तरावर भागला, हे कार्यवाहीतच कळतं.

प्रश्नोत्तराची यादी वाचायची एक पद्धत आहे. प्रश्न 'हे खरे आहे काय' असा सुरू होतो आणि शेवटचा उपप्रश्न बहुधा 'तसेच विलंबाची कारणे काय आहेत?' हा असतो. उत्तराच्या रकान्यात 'हे खरे आहे', 'हे अंशतः खरे आहे', 'हे खरे नाही' किंवा 'प्रश्न उद्भवत नाही' असं येतं. एकाच विषयावरची चार-पाच अधिवेशनांतली उत्तरं तारखेनुसार शेजारी ठेवा. 'हे खरे नाही'चं 'अंशतः खरे आहे' कधी झालं आणि 'कार्यवाही सुरू आहे'च्या जागी जीआरचा, म्हणजे शासन निर्णयाचा, क्रमांक कधी आला, ते दिसेल. उत्तर जिथे बदललं तिथे आमदारांचं काम आहे. तिथे पेन्सिलने खूण करा.

मंत्र्यांनी सभागृहात 'करू', 'तपासून घेऊ', 'तीन महिन्यांत भरू' असं सांगितलं असेल तर त्याचं आश्वासन बनतं. आश्वासनांचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. तुमच्या आमदारांनी मिळवलेली कोणती आश्वासनं पुरी झाली आणि कोणती लटकली, याची वेगळी यादी ठेवा. ती शेवटच्या टप्प्यात लागणार आहे.

कार्यालयात कागद मिळत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे आणि अपिलात जावं लागलं तर आणखी वेळ जातो. दोन महिने म्हटलं ते म्हणूनच.

### खातं चुकलं की सगळंच चुकतं

मसुद्यांत मला हमखास दिसणारी चूक म्हणजे 'सरकारी दवाखाना' म्हणून सगळं एकाच खात्याच्या माथी मारणं. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र चालवते जिल्हा परिषद. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपण ज्याला सिव्हिल म्हणतो ते, राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाखाली येतात. पुण्याचं ससून आणि मुंबईचं जे. जे. ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, म्हणून ती वैद्यकीय शिक्षण विभागाची. केईएम, सायन आणि नायर मुंबई महापालिकेची. आमदारांनी ससूनमधल्या खाटांचा प्रश्न वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना विचारला असेल आणि मानपत्रात 'आरोग्यमंत्र्यांना धारेवर धरले' असं आलं, तर समोर बसलेला प्रत्येक डॉक्टर मनात म्हणतो की यांना काम कळलेलंच नाही.

योजनांच्या नावांचंही तसंच आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर गेली आणि २०१७ पासून महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. २०१४ च्या भाषणाचा दाखला देताना आजचं नाव घातलं तर कागदाशी मेळ बसत नाही. त्या वेळचं नाव लिहा आणि आजचं पुढे एका शब्दात जोडा.

विधेयक आणि कायदा यांतला फरकही सांभाळा. सदस्याने अशासकीय विधेयक मांडलं याचा अर्थ कायदा झाला असा नाही. दोन्ही सभागृहांची मंजुरी, राज्यपालांची संमती आणि राजपत्रात प्रसिद्धी एवढं झाल्यावर तो अधिनियम होतो, आणि अंमल कधीपासून याची तारीख पुन्हा वेगळी असू शकते. 'त्यांनी कायदा केला' हे वाक्य लिहिताना हात थांबला पाहिजे. मांडला, सुधारणा सुचवली, समितीत बसून मसुदा बदलून घेतला, की नियम व्हावेत म्हणून पाठपुरावा केला? ज्याचा कागद आहे तेवढंच लिहा.

सावधान : वर्तमानपत्राचं कात्रण हा पुरावा नव्हे, धागा आहे. 'आमदारांच्या प्रयत्नांना यश' अशी बातमी एकाच कामासाठी दोन-तीन आमदारांच्या नावाने छापून आलेली असते. कात्रणावरून तारीख घ्या आणि मूळ कागद शोधा.

## टप्पा ३ : एक काम निवडा आणि रुग्णाच्या खाटेपर्यंत माग काढा

एव्हाना तुमच्याकडे पन्नास-साठ नोंदी असतील. त्या सगळ्या मानपत्रात कोंबण्याचा मोह टाळा. एक मुख्य काम आणि दोन दुय्यम, एवढंच घ्या. मुख्य काम निवडताना विचारायचं ते इतकंच: या कामामुळे कोणाच्या हातात काय आलं? गोळी आली, रक्ताची पिशवी आली, पगार आला, की डॉक्टर आला?

कल्पनेतलं एक उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या आमदारांनी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात रक्त साठवण केंद्र व्हावं म्हणून पाठपुरावा केला. बाळंतपणात रक्तस्राव सुरू झाला की बाईला साठ किलोमीटरवर सिव्हिलला न्यावं लागायचं. आता माग असा काढा. पहिला प्रश्न कोणत्या अधिवेशनात? उत्तर काय आलं? रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं, पण साठवण केंद्राला मान्यता देणारं अन्न व औषध प्रशासन दुसऱ्या विभागाखाली, तेव्हा दोन खात्यांत फाइल किती काळ फिरली? फ्रीज कधी आला? तंत्रज्ञाचं पद मंजूर झालं का, आणि भरलं का? कोणत्या रक्तपेढीशी जोडणी झाली? आणि शेवटचं, पहिली पिशवी कोणत्या तारखेला लावली?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मंत्रालयात मिळणार नाही. ते रुग्णालयाच्या नोंदवहीत असतं आणि तिथल्या सिस्टरना आठवत असतं. त्यासाठी तिथे जाऊन बसावं लागतं.

माग काढताना कधी कधी असं दिसतं की फ्रीज आला, पण तंत्रज्ञ आलाच नाही आणि केंद्र बंद आहे. कार्यकर्ते अशा वेळी ते काम मानपत्रातून काढून टाकतात. माझं मत वेगळं आहे. 'केंद्र मंजूर करून घेतलं, यंत्रसामग्री आणली; तंत्रज्ञाचं पद भरण्यासाठी शेवटच्या अधिवेशनापर्यंत प्रश्न विचारत राहिलात' हे वाक्य खरं आहे आणि त्यात त्या माणसाची चिकाटी दिसते. 'केंद्र सुरू केलं' असं खोटं लिहिलं तर ज्या घराला गेल्या महिन्यात सिव्हिलला धावावं लागलं, ते घर सभागृहात बसलेलं असतं.

### श्रेय वाटून लिहा

यासाठी परदेशातलं एक खरं उदाहरण सांगतो, कारण इतका स्वच्छ माग क्वचित सापडतो. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात हेन्री वॅक्समन हे लॉस एंजेलिसचे सदस्य १९७५ पासून २०१५ च्या सुरुवातीपर्यंत, चाळीस वर्षं होते. आरोग्य हाच त्यांचा विषय. १९८४ साली त्यांच्या आणि सेनेटर ऑरिन हॅच यांच्या नावाने ओळखला जाणारा औषधांचा कायदा झाला. त्याआधी जेनेरिक औषध आणायचं तर कंपनीला सुरक्षितता आणि परिणाम सिद्ध करणाऱ्या मोठ्या चाचण्या बहुतेकदा पुन्हा कराव्या लागत. या कायद्याने मूळ औषधाइतकंच ते शरीरात उतरतं हे दाखवलं की पुरे, असा रस्ता खुला केला. बदल्यात मूळ कंपन्यांना पेटंटची काही मुदत, जास्तीत जास्त पाच वर्षं, भरून देण्याची सोय ठेवली. आज तिथे दिल्या जाणाऱ्या दर दहा प्रिस्क्रिप्शनमागे सुमारे नऊ जेनेरिक औषधांची असतात आणि त्यातल्या कित्येक गोळ्या भारतात बनतात. गोव्याच्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतून माल अमेरिकेला जातो त्यामागे तो रस्ता आहे.

या कामाचा गौरव दोन ओळींत करायचा झाला तर त्यात काय काय यावं लागेल, ते पाहा. दोन नावं, कारण वॅक्समन डेमोक्रॅट आणि हॅच रिपब्लिकन, आणि दोघांशिवाय ते झालं नसतं. कंपन्यांना काय दिलं आणि त्या बदल्यात रुग्णांना काय मिळवलं, दोन्ही. आणि शेवटी दुकानातली गोळी. एकाच नावाचा जयघोष केला असता तर त्या सदस्याचं खरं कौशल्य, विरोधी पक्षातल्या माणसाला बरोबर घेण्याचं, नेमकं तेच झाकलं गेलं असतं.

आपल्याकडेही तसंच. गर्भलिंग निदानावर बंधन घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ चा. त्यामागे स्त्री संघटना, डॉक्टर आणि पत्रकारांची मोठी मोहीम होती. अशा विषयात काम केलेल्या कोणाचाही गौरव करताना मोहिमेचं नाव घ्या. आरोग्याचं कोणतंही काम एकट्याने होत नाही, आणि सत्कारमूर्तींना हे तुमच्याआमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

तपासा : निवडलेल्या कामाच्या प्रत्येक वाक्यासमोर मार्जिनमध्ये पुराव्याची तारीख लिहिता येते का? ज्या वाक्यासमोर जागा रिकामी राहिली, ते वाक्य काढा.

## टप्पा ४ : माणसांशी बोला, पण त्यांना वापरू नका

कागद झाले की माणसांकडे जा. आमदारांच्या पक्षाचे पदाधिकारी सगळ्यात शेवटी. आधी आशा, गटप्रवर्तक, आरोग्य सेविका, औषधनिर्माण अधिकारी, १०८ रुग्णवाहिकेचे चालक, तालुका आरोग्य अधिकारी. त्यांना 'आमदार कसे आहेत?' असं विचारलंत तर 'चांगले आहेत' एवढंच उत्तर मिळेल. 'ते शेवटचे आले तेव्हा कुठे थांबले? काय पाहिलं? कोणाशी बोलले?' असं विचारा.

एका सेविकाताईंनी मला सांगितलं होतं की आमदारबाई उपकेंद्रात आल्या आणि खुर्चीवर न बसता थेट बाळंतपणाच्या खोलीत गेल्या, नळ सोडून पाहिला. पाणी नव्हतं. 'हात कशाने धुता?' एवढंच विचारलं. ताईंनी कोपऱ्यातली झाकण लावलेली बादली दाखवली. बाईंनी डायरीत काहीतरी लिहिलं आणि गेल्या. पुढच्या अधिवेशनाच्या प्रश्नांच्या यादीत उपकेंद्रांच्या पाणीपुरवठ्याचा प्रश्न होता. मानपत्राला हे एवढं पुरतं.

इथे तीन गोष्टी कसोशीने पाळा.

रुग्णाचं नाव, गाव, आजार छापू नका आणि त्याला मंचावर बोलावू नका, जोवर त्याने स्वतःहून, कोणी न दडपता, लेखी होकार दिलेला नाही. एचआयव्ही, क्षयरोग, मानसिक आजार, गर्भपात यांबाबत तर होकार असला तरी ओळख झाकूनच लिहा. एचआयव्हीबद्दल संमतीशिवाय माहिती उघड करायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. लहान गावात 'वस्तीवरची एक महिला' एवढ्यावरूनही लोक ओळखतात.

शासकीय नोकरीतल्या माणसाला राजकीय कार्यक्रमात भाग घेता येत नाही. सेविका, वैद्यकीय अधिकारी यांना मंचावर बोलायला बोलवायचं असेल तर समारंभ पक्षाचा नसावा, बॅनरवर चिन्ह नसावं आणि त्यांनी वरिष्ठांना आधी विचारलेलं असावं. त्यांची आठवण दुसऱ्या कोणी वाचून दाखवली तरी चालते.

आणि वर्गणी. औषध कंपन्या, पुरवठादार, खासगी रुग्णालयं यांच्याकडून एक रुपयाही घेऊ नका. ज्यांनी आयुष्यभर औषधखरेदीवर प्रश्न विचारले, त्यांच्या सत्काराच्या फ्लेक्सवर खाली 'सौजन्य' म्हणून पुरवठादाराचं नाव आलं तर त्यांच्या सगळ्या कामावर बोट ठेवल्यासारखं होतं. पैसे कमी पडले तर समारंभ लहान करा.

## टप्पा ५ : मानपत्र लिहा

लांबी तीनशे शब्दांच्या आत. तेवढं मोठ्याने वाचायला तीन मिनिटं लागतात, आणि उभ्या असलेल्या सत्कारमूर्तींना त्याहून जास्त वेळ ताटकळत ठेवू नये. संबोधन 'आपण', आणि ते शेवटपर्यंत 'आपण'च. मधेच 'त्यांनी' आलं की मजकूर दुसऱ्या कागदावरून उचललेला आहे हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

पहिलं वाक्य कामाने उघडा. जन्मगाव, शिक्षण, घराणं यांना एक ओळ पुरे, आणि तीही मध्यात. मुख्य कामाला निम्मी जागा द्या. दुय्यम कामं दोन-तीन वाक्यांत. मग एखादं दृश्य, वरच्या बादलीसारखं. शेवटी कोणाच्या वतीने देतो आणि तारीख.

फरक पाहा. नेहमीचा मजकूर असा असतो: 'आरोग्य क्षेत्रातील आपले कार्य अतुलनीय असून आपल्या अभ्यासू वृत्तीने आपण सभागृह गाजवले.' मघाच्या उदाहरणावर तेच असं लिहिता येईल: 'ग्रामीण रुग्णालयात रक्त साठवण केंद्र व्हावे म्हणून आपण सलग चार अधिवेशने एकच प्रश्न विचारलात. पहिले उत्तर होते, "प्रश्न उद्भवत नाही." चौथ्या उत्तरासोबत शासन निर्णयाची प्रत होती. आज या तालुक्यातील बाळंतिणीला रक्तासाठी साठ किलोमीटर जावे लागत नाही.' विशेषण एकही नाही आणि ऐकणाऱ्याचा गळा भरून येतो.

शब्दांचे संक्षेप उलगडून लिहा. पीएचसी, आरएच, डीएचओ हे कर्मचाऱ्यांना कळतं, पण मानपत्र भिंतीवर लागणार असतं आणि ते पाहुणे वाचणार असतात. आकड्यांचंही तसंच. एखादाच आकडा द्या आणि तो कशाचा हे सांगा.

मसुदा तयार झाला की तिघांना वाचायला द्या: आरोग्य खात्यातल्या एखाद्या निवृत्त माणसाला, मराठीचं शुद्धलेखन चांगलं असणाऱ्याला, आणि सत्कारमूर्तींच्या घरातल्या कोणाला. घरचा माणूस गावाच्या नावापासून आईच्या नावापर्यंतच्या चुका पकडतो. सत्कारमूर्तींना स्वतःला मात्र आधी दाखवू नका. भिडस्त माणूस चांगली वाक्यं खोडून ठेवतो.

छपाईआधी तपासा : फाइल छापखान्यात उघडल्यावर फाँट बदलून जोडाक्षरं फुटतात. 'महाराष्ट्र', 'शुश्रूषा', 'द्वितीय' हे शब्द कागदावरच्या प्रुफात पाहा, मोबाइलवर नव्हे.

## टप्पा ६ : भाषण

सभागृहात सहकारी सदस्य म्हणून निरोपाचं भाषण करायचं असेल आणि ते तुम्ही कोणाला लिहून देत असाल, तर आधी संबोधन बघा. विधान परिषदेत 'सभापती महोदय', विधानसभेत 'अध्यक्ष महोदय'. दुसऱ्या सभागृहातून आलेले सदस्य सवयीने चुकतात आणि सुरुवातच अडखळते. एकाच दिवशी अनेक सदस्य निवृत्त होत असतात, त्यामुळे बोलायला थोडीच मिनिटं मिळतात. मजकूर चार मिनिटांचा ठेवा आणि तो दोन मिनिटांतही आटोपता येईल असा रचा. म्हणजे मुख्य प्रसंग आधी, आभार मागाहून.

विरोधी बाकावरच्या सदस्याने केलेलं भाषण अशा वेळी सर्वांत वजनदार ठरतं. जमलं तर मतभेदाचा एक मुद्दा त्यात येऊ द्या: 'खासगी रुग्णालयांच्या दरांवर आमचं कधी जमलं नाही, पण त्यांच्या प्रश्नामुळे मला दरपत्रक वाचायला लागलं.' असं बोलणाऱ्याचं कौतुक लोकांना खरं वाटतं.

बाहेरच्या समारंभात भाषण करणाऱ्याला मानपत्राची प्रत आदल्या दिवशी द्या, म्हणजे तेच मुद्दे पुन्हा येणार नाहीत. आमदारांना आजार झाला असेल, शस्त्रक्रिया झाली असेल तर त्याबद्दल भाषणात अवाक्षर नको. 'स्वतः आजारी असूनही' हे वाक्य फार लोकप्रिय आहे, आणि आरोग्याच्या प्रश्नांवर काम करणाऱ्याच्याच आजाराची अशी जाहीर चर्चा मला अयोग्य वाटते.

## टप्पा ७ : समारंभाचा क्रम

दोन तास पुरेत. वेळ दुपारची ठेवा, ओपीडी आटोपल्यानंतरची आणि शेवटच्या एसटीच्या बरीच आधी संपणारी. याला कारण आहे. एका समारंभात बावीस वक्ते होते. डोंगरातल्या उपकेंद्रावरून आलेल्या ताई, ज्यांच्या आठवणीवर सगळं मानपत्र उभं होतं, त्या पावणेआठला पिशवी उचलून निघाल्या, कारण आठची गाडी शेवटची होती. मानपत्र साडेनऊला वाचलं गेलं. आमदारांनी मंचावरून त्यांना शोधलं आणि त्यांची खुर्ची रिकामी होती. त्या दिवसापासून मी आधी गाड्यांचं वेळापत्रक विचारतो आणि मग समारंभाची वेळ ठरवतो.

क्रम असा ठेवा: स्वागत पाच मिनिटं, आरोग्य कर्मचारी किंवा रुग्ण गटातले दोन वक्ते, एक विरोधी विचारांचा वक्ता, मानपत्र वाचन, शाल-श्रीफळ, सत्कारमूर्तींचं भाषण, आभार. सत्कारमूर्तींना किमान वीस मिनिटं राखून ठेवा. मंचावर सातपेक्षा जास्त खुर्च्या नकोत. उरलेले मान्यवर पहिल्या रांगेत. त्यांची नावं एकदाच वाचा, प्रत्येक वक्त्याने पुन्हा नको.

भेट म्हणून तुम्ही दुसऱ्या टप्प्यात गोळा केलेली फाइल बांधून द्या. निवडक प्रश्न, उत्तरं, जीआर, तारखेनुसार, वर अनुक्रमणिका. चांदीची मूर्ती कपाटात जाते. मी अशी फाइल हातात पडलेल्या एका बाईंना समारंभ संपल्यावर मंचाच्या पायरीवर बसून ती उघडताना पाहिलं आहे. मागे लोक फोटोसाठी खोळंबले होते आणि त्या जुन्या उत्तरावर बोट ठेवून शेजारच्या डॉक्टरांना विचारत होत्या, 'ही पदं भरली का हो शेवटी?'

सकाळी तपासा : माइक, मानपत्राची फ्रेम बरोबर की अदलाबदल झाली, वाचणाऱ्याकडे मोठ्या अक्षरातली प्रत, चाकाच्या खुर्चीला उतार, पिण्याचं पाणी.

## टप्पा ८ : समारंभानंतरचा आठवडा

इथे बहुतेक जण थांबतात. तुम्ही एक काम आणखी करा. दुसऱ्या टप्प्यात लटकलेल्या आश्वासनांची यादी केली होती, ती स्वच्छ उतरवा. प्रत्येक आश्वासनासमोर अधिवेशन, प्रश्नाचा क्रमांक, मंत्र्यांचे शब्द, आजची स्थिती. चार-पाच पानांत बसेल एवढीच. निवृत्त झालेल्या आमदारांना दाखवा. एखाद्या ओळीवर ते म्हणतील, 'हे राहू द्या, याला आता अर्थ नाही,' आणि एखादीवर दोन फोन नंबर लिहून देतील.

मग तीन प्रती काढा. एक त्यांच्याकडे. एक तालुक्याच्या वाचनालयात, फाइलसोबत. आणि एक त्या जागी निवडून आलेल्या नव्या सदस्याच्या कार्यालयात, पक्ष कोणताही असो, स्वतः नेऊन द्या. पोच म्हणून तिच्याच आणखी एका प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पुढच्या अधिवेशनासाठी प्रश्न स्वीकारण्याची शेवटची तारीख स्वीय सहायकांना तिथेच विचारा आणि डायरीत लिहून घ्या.